बंगळूरचे जेट आणि डिचोलीची हवा

मामाची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, गेल्या मे महिन्यात ट्रेलरवरून अनमोड घाट उतरून गोव्यात डिचोलीला माझ्या दारात आली. १९६७ चं मॉडेल, १७९८ सीसी, उघड्या टपाची, आणि लहानपणी सुट्टीत बंगळूरला गेलो की जिच्या मागच्या फळीवर बसायला मी आणि माझी मामेबहीण भांडायचो तीच गाडी. मामाला आता क्लच दाबताना गुडघा दुखतो म्हणून त्याने ती मला दिली, किल्लीबरोबर एक जुना गोल बिस्किटाचा डबा दिला ज्यात सुटे जेट (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे), वायसर, पॅकिंग असं काय काय होतं, आणि बोनेटच्या आतल्या बाजूला त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेला कागद दाखवला. चोक ३६, मेन १४५, एअर १८०, इमल्शन एफ१६, आयडल ५० एफ८, पंप ४५. "हे आकडे बदलू नकोस, दोन वर्षं घालवलीत मी त्यांच्यावर," एवढंच म्हणाला.

या गाडीला कंपनीतून दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, यायचे. मामाने बारा-तेरा वर्षांपूर्वी ते काढून एकच वेबर ४५ डीसीओई बसवला, जुना इटालियन, झाकणावर वेबर बोलोन्या असं ओतीव अक्षरात लिहिलेला. ४५ म्हणजे थ्रॉटलच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या) पडद्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि दोन बॅरल, म्हणजे हवेच्या नळ्या, शेजारी शेजारी, आडव्या. इथे एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे ती महत्त्वाची आहे, या इंजिनाच्या हेडला इनटेकची भोकं चार नाहीत, दोनच आहेत. १ आणि २ नंबरचा सिलिंडर एका भोकातून हवा ओढतात, ३ आणि ४ दुसऱ्यातून. म्हणजे कार्बोरेटरचा एक बॅरल दोन सिलिंडरना पोसतो.

पावसाळाभर गाडी शेडमध्येच होती. चवथ झाली, विसर्जन झालं, ऊन पडायला लागलं तशी बाहेर काढली. सुरू झाली, पण चालेना नीट. स्लोला, म्हणजे उभी असताना पाय काढला की, थरथरायची, गरम लवकर व्हायची, आणि साधारण दोन हजार ते अडीच हजार आरपीएमच्या मध्ये, म्हणजे चौथ्या गिअरला ताशी साठच्या आगेमागे, एकदम पोकळी यायची. पाय दाबतोय, गाडी काहीच करत नाही, मग कार्बोरेटरमधून फट् फट् असा आवाज आणि मग अचानक धक्का देऊन उचलायची. मयेच्या रस्त्यावर वळणं एकामागून एक आहेत, तिथे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना हे व्हायचं आणि मागून येणारा टिपरवाला हॉर्न मारायचा.

लगेच जेटला हात लावला नाही हे बरं केलं. आधी बाकीचं सगळं तपासलं, कारण पॉइंट जळलेले असतील किंवा कुठून फुकटची हवा आत जात असेल तर तुम्ही जेट बदलून बदलून वेडे व्हाल. पॉइंटचं अंतर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), टॅपेट १५ थाऊ, दोन्ही नीट लावले, कंडेन्सर नवा टाकला, टायमिंग १० डिग्रीला आणलं, प्लग नवे एनजीके बीपी६ईएस. पेट्रोलचा प्रेशर गेज लावून बघितला, मागच्या चाकापाशी टकटक करणारा एसयू पंप अडीच पीएसआयच्या आसपास देत होता. वेबरला साडेतीनच्या वर प्रेशर चालत नाही, नीडल व्हाल्व्ह उचलला जातो आणि सगळीकडे पेट्रोल. ते ठीक होतं. मॅनिफोल्डच्या सांध्यावर क्लीनरचा फवारा मारला, आरपीएम हललं नाही, म्हणजे गळती नाही. पण कार्बोरेटर ज्या रबरी रिंगांवर तरंगत बसायला हवा त्याचे नट कुणीतरी गच्च आवळून टाकले होते, दोन पेडी स्प्रिंगच्या वायसरमध्ये फट जवळपास शून्य. हे आवळले की इंजिनाची सगळी थरथर सरळ कार्बोरेटरमध्ये जाते आणि फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) भांड्यातल्या पेट्रोलला फेस येतो. ते सैल करून साधारण एक मिलिमीटर फट ठेवली.

मग झाकण उघडलं. आतलं दृश्य बघून वाईट वाटलं. फ्लोटच्या भांड्याच्या तळाला पांढरी भुकटी, पितळेच्या जेटवर हिरवट थर, आणि एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब स्पष्ट दिसत होता, पेट्रोलखाली वेगळा बसलेला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की ते खाली वेगळं होतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात चार महिने टाकी अर्धी रिकामी ठेवली तर दुसरं काय होणार. टाकी पूर्ण रिकामी केली, सगळे रबरी पाइप बदलून इथेनॉलला टिकणारे आर९ वाले घातले (हे प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने करावं, जुना पाइप आतून सुटून त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात आणि बाहेरून फुटला तर आग). आणि एअर करेक्टरच्या, म्हणजे हवेच्या जेटच्या, भोकांवर लाल धूळ. बंगळूरची नव्हे, आमची, खाणीची. पावसाळाभर गाडी फिल्टरशिवाय नुसत्या तुताऱ्यांवर (हवा आत घेणाऱ्या उघड्या तोंडांवर) शेडमध्ये उभी होती तेवढ्यात ही बसली. त्या दिवसापासून फिल्टर चढवला तो कायमचा, तुताऱ्या दिसायला कितीही छान असल्या तरी डिचोली साखळी भागात त्या चालायच्या नाहीत.

फ्लोटची उंची मोजली, झाकण उभं धरून, पॅकिंगसकट, पितळी फ्लोटला ८.५ मिलिमीटर हवी, ती होती. मामाने ते काम चोख केलं होतं.

सगळं धुऊन पुसून परत बसवलं तरी पोकळी तशीच. मग एका रात्री बसून विचार केला की मामाचे आकडे बंगळूरला बरोबर होते, मग इथे काय बदललं? दोन गोष्टी. एक उंची. बंगळूर समुद्रापासून नऊशे मीटरच्या वर आहे, डिचोली जवळपास समुद्राच्या पातळीला. खाली हवा दाट, साधारण नऊ टक्के जास्त. कार्बोरेटर हवेच्या ओढीने पेट्रोल उचलतो, पण हवा दाट झाली त्या प्रमाणात पेट्रोल वाढत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे हवा नऊ टक्के वाढली तर पेट्रोल साडेचारच टक्के. उरलेले साडेचार टक्के मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. दुसरी गोष्ट पेट्रोल. मामाने जेट बसवले तेव्हा पेट्रोलात इथेनॉल नसल्यातच जमा, आता पंपावर मिळतं ते २० टक्केवालं. एक किलो साधं पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलोच पुरते कारण ऑक्सिजन त्याच्यात आधीच असतो, २० टक्के मिसळलं की हा आकडा १३.५ च्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जवळपास नऊ टक्के जास्त पेट्रोल लागणार. नऊ आणि साडेचार, मिळून तेरा-चौदा टक्के गाडी उपाशी. आमची हवा गरम आणि दमट असल्याने थोडी विरळ असते, त्याने एखाद-दोन टक्के भरून निघत असतील, पण बाकीचं कुठून आणायचं?

वेबरचा जेट नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १४५ म्हणजे १.४५ मिमी. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर जातं, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर, तर १५५ भागिले १४५, त्याचा वर्ग, १.१४. चौदा टक्के. कागदावर हा आकडा असा बरोबर येऊन बसला तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला मामाला फोन केला. मामा म्हणाला, "अरे पण गाडीला विचारलंस का?"

मुंबईच्या एका दुकानातून १५५ मेन जेटची जोडी मागवली. त्याबरोबर सायलेन्सरच्या पाइपला बंग (आट्यांची कडी) वेल्ड करून धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि मीटर लावला. बंगळूरलाच मामाने गाडीची पॉझिटिव्ह अर्थ बदलून निगेटिव्ह करून घेतली होती, नाहीतर हे लावता आलं नसतं. मीटरवर मी हवा-पेट्रोलचं प्रमाण न ठेवता लँबडा ठेवला, कारण तो १४.७ वगैरे आकडा साध्या पेट्रोलचा हिशोब धरून दाखवलेला असतो, आपल्या टाकीत ते नाहीच. लँबडाला काही फरक पडत नाही, १ म्हणजे बरोबर पुरेपूर, १ च्या वर लीन, खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण पाय दाबला की ०.८६ ते ०.८८, एका वेगात निवांत चाललेली असताना ०.९५ च्या आसपास, स्लोला ०.९२, एवढं मनात धरलं होतं.

वेबरचं मला सगळ्यात आवडतं ते हे की जेट बदलायला कार्बोरेटर खाली काढावा लागत नाही. वरचं गोल झाकण, त्याला एक पंखाचा नट, तो हाताने सुटतो, आत चार टोप्या दिसतात. दोन लांब, त्यात खाली मेन जेट, मधे भोकाभोकांची इमल्शन ट्यूब, वर एअर करेक्टर, सगळं एकमेकांत खोचलेलं, आणि दोन छोट्या, त्यात आयडल जेट. स्क्रू ड्रायव्हरने फिरवून सोडवलं, वर ओढलं की निघतं, बोटांना पेट्रोलचा गारवा लागतो. पाच मिनिटांचं काम.

१५५ टाकले. पोकळी जशीच्या तशी. मीटर अडीच हजारापर्यंत १.१५, १.२ दाखवतोय आणि फटफट चालू. मी परत १४५ टाकले, काही फरक नाही. हिशोब सगळा बरोबर आणि गाडी ऐकत नाही म्हटल्यावर दोन आठवडे मी नुसता चिडलेला होतो, कधी पंप जेट मोठा टाकावासा वाटायचा, कधी डिस्ट्रिब्यूटर उघडून बसायचो. आज कळतं की ‘काही फरक नाही’ हेच गाडीने दिलेलं उत्तर होतं.

ते उत्तर मला वाचून दाखवलं उसगावच्या एका मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने. आयुष्यभर खाणीवरचे ट्रक बांधलेला माणूस, आता साठीच्या पुढे, वेबर त्याने याआधी दोनदाच हाताळला असेल. मी त्यांना शेजारी बसवून मयेच्या तळ्याकडच्या रस्त्याला नेलं. चौथा गिअर, ताशी साठ, पोकळी आली, फटफट. ते डॅशबोर्डवरच्या चोकच्या खुंटीकडे बोट करून कोंकणीत म्हणाले, "मात्सो चोक ओड आनी पळय." जरासा ओढला, बोटभरही नाही. आणि गाडी गुळगुळीत झाली! पोकळी गेली, आवाज गेला, पायाखाली ओढ जाणवली. खुंटी आत ढकलली, परत फटफट. बाहेर ओढली, परत छान. तीन-चार वेळा केलं. "तुजें इंजीन उपाशी आसा, बाब," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

(वेबरच्या भाषेत चोक म्हणजे बॅरलमधला अरुंद गळा, ज्याला व्हेंचुरी म्हणतात, तो ३६ वाला. डॅशबोर्डवरचा चोक म्हणजे गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणारा वेगळा रस्ता. दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे माझा सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा.)

उपाशी आहे हे मला मीटर सांगतच होता. पण परत येताना ते जे बोलले त्याने खरं डोकं उघडलं. ते म्हणाले की मोठा जेट घालून काही होत नाही म्हणजे त्या वेगाला इंजिन त्या जेटमधून पितच नाही. घरी येऊन पडदा हळूहळू उघडत टॉर्चने बॅरलमध्ये बघितलं. पडदा पूर्ण मिटलेला असताना पेट्रोल येतं ते त्याच्या पुढच्या एका बारीक भोकातून, ज्याला मिक्श्चर स्क्रू आहे. पडदा जरा उघडला की त्याची कड आणखी तीन बारीक भोकांवरून एकेक करत सरकते, ही प्रोग्रेशनची भोकं. आणि या सगळ्यांना पेट्रोल कुठून? आयडल जेटमधून. मेन जेटची पाळी येते ती गळ्यातून हवा जोरात वाहायला लागली की मग, आणि ३६ च्या मोठ्या गळ्यात ती वेळ तीन हजाराच्या जवळपास येते. चौथ्या गिअरला ताशी साठ म्हणजे या गाडीचे जेमतेम २१०० आरपीएम. म्हणजे पणजीला जाताना, बाजारात, मयेच्या वळणावर, गोव्यात मी जी काही गाडी चालवतो त्यातली बहुतेक आयडल जेटवर चालते. नाव आयडल असल्यामुळे मी तो फक्त सिग्नलला उभं राहण्यापुरता समजत होतो. हे नाव फसवं आहे, आणि माझ्यासारखे बरेचजण यात फसत असणार म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

आयडल जेटला दोन आकडे. ५० एफ८ मधला ५० म्हणजे पेट्रोलचं भोक, ०.५० मिमी. एफ८ म्हणजे बाजूचं हवेचं भोक, ते १.२० चं. एफचे नंबर क्रमाने नाहीत हे लक्षात ठेवा, एफ९ चं हवेचं भोक १.०० म्हणजे एफ८ पेक्षा रिच, एफ६ त्याहून रिच, पण एफ२ लीन. नंबर वाढला म्हणून रिच झालं असं समजून मागवलं तर पैसे वाया.

५० च्या पुढे सहज मिळतो तो सरळ ५५, क्षेत्रफळात २१ टक्के उडी. मला हवे होते तेरा-चौदा. म्हणून आधी पेट्रोलचं भोक तेच ठेवून हवा कमी करून बघितली, ५० एफ९. पोकळी निम्मी झाली, फटफट गेली, पण मीटर अजून १.०५ वर, आणि संध्याकाळी हवा जरा गार झाली की परत ओढ कमी. मग ५५ एफ९. स्लोला छान, पण हलक्या पायाने चालवताना ०.८२, पेट्रोलचा वास, डोळ्यांना चुरचुर. मग ५५ एफ८. पहिल्याच फेरीत कळलं. साखळीच्या बाजारातून सुटलो, दुसरा, तिसरा, चौथा, आणि दोन हजाराला जिथे रोज खड्डा असायचा तिथे रस्ता सपाट झाल्यासारखी गाडी गेली. मीटर ०.९३, ०.९५, ०.९३. मी रस्त्याच्या कडेला थांबलो, दोन मिनिटं नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो.

मिक्श्चर स्क्रूने खात्री केली. जुन्या इटालियन कार्बोरेटरला हा स्क्रू पाऊण ते एक फेरा उघडा असताना इंजिन सगळ्यात छान चालायला हवं. ५० एफ८ वर मला दीड फेऱ्याच्याही वर उघडावा लागत होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं की जेट लहान आहे. ५५ एफ८ वर दोन्ही बॅरल पाऊण फेऱ्यावर. फक्त स्लोचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याहून जास्त आत घालू नका, पडदा जास्त उघडून स्लो वाढवला तर त्याची कड प्रोग्रेशनच्या भोकांवर जाते आणि मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, काही बोलत नाही. पंप जेटला मी हात लावला नाही. तो मोठा करून पोकळी झाकता येते, पाय मारताक्षणी जास्तीची पिचकारी, पण एकसारखा पाय ठेवला की दुखणं तसंच.

आता मेन. १५५ परत टाकले आणि रविवारी पहाटे केरीहून चोर्ला घाटाला लागलो, अंजुणे धरणाच्या कडेने जो चढ सुरू होतो तिथे, तिसरा गिअर, पूर्ण पाय. मीटर ०.८७. मी खूश. सवयीने वर थांबून प्लग काढून बघितले, आणि १ आणि २ काळे, काजळी हाताला लागतेय, ३ आणि ४ पांढरेफटक, चिनीमातीवर बारीक ठिपके दिसायला लागलेले. म्हणजे अर्धं इंजिन बुडतंय आणि अर्धं जळायला आलंय, आणि सेन्सर बिचारा चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर बसलेला, तो सरासरी सांगतोय आणि सरासरी एकदम छान. दोन-दोनची जोडी म्हणजे बॅरल. बॅरल म्हणजे जेट. अगदी हळू हळू गाडी खाली आणली.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये माझा शाळेतला मित्र आहे, त्याच्याकडे पिन गेजचा संच असतो, एकेक पिन एक शतांश मिलिमीटरच्या फरकाने. पांढऱ्या कपड्यावर जेट ठेवून त्याने एकेक पिन घालायला सुरुवात केली. पहिल्या जेटमध्ये १.५५ गेली, १.५६ गेली, १.५८ गेली, १.६१ गेली, १.६२ अडकली. दुसऱ्यात १.५० सुद्धा जाईना, १.४८ गेली. दोन्हीवर १५५ छापलेलं, छाप एकदम सुरेख. मी दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला आमच्याकडे अशी तक्रार कधी आली नाही. पैसे गेले ते गेलेच, पण घाटात ३ नंबरच्या पिस्टनला भोक पडलं असतं तर १९६७ च्या इंजिनाचं काय केलं असतं याचा विचार करून अजून पोटात गोळा येतो.

मित्र म्हणाला लहान असलेला आपण रीमर लावून १.५५ करू. नको म्हटलं. जेटमध्ये नुसता व्यास नसतो, आत शिरतानाचा उतार, सरळ भागाची लांबी, भिंतीची सफाई या सगळ्यावर पेट्रोल किती जाणार हे ठरतं, ड्रिल फिरवलेला जेट पिनला बरोबर दिसेल आणि वागेल वेगळाच. परदेशातून खात्रीची जोडी मागवली, तीन आठवडे थांबलो, आल्यावर आधी पिन घालून बघितली, दोन्हीत १.५५ सरकली आणि १.५६ अडकली. तेव्हापासून कुठलाही जेट मोजल्याशिवाय मी गाडीत घालत नाही.

परत तोच चढ, तोच गिअर, तीच वेळ. ०.८७. प्लग चारही फिकट बदामी. २ आणि ३ अगदी किंचित उजळ, १ आणि ४ किंचित गडद. ते तसंच राहणार, कारण एका भोकातून दोघे ओढतात आणि पाळी १-३-४-२ अशी असल्याने आतले दोघे आधी ओढतात, बाहेरचे लगेच त्यांच्या पाठोपाठ, सारखा वाटा होत नाही. त्याला जेटचा इलाज नाही. २ आणि ३ कडे बघून जेट ठरवायचा, १ आणि ४ ने थोडं जास्त प्यायलं तरी चालतं. एअर करेक्टर १८० तसाच ठेवला, तो वरच्या आरपीएमला काम करतो आणि पाच हजारापर्यंत मीटर नीट होता.

आता प्रश्न उरतो गळ्याचा. ३६ बंगळूरच्या मोठ्या रस्त्यांना ठीक होता, आमच्याकडे दर शंभर मीटरला वळण, नाहीतर देऊळ, नाहीतर गाय. ३४ घातला तर हवेचा वेग लवकर वाढेल, मेन जेट लवकर बोलायला लागेल, वरची थोडी ताकद जाईल जी मी वापरतच नाही. पण गळा बदलला की मेन परत बदलायचा, सगळा खेळ पहिल्यापासून, म्हणून तो येत्या पावसाळ्यासाठी ठेवलाय.

शिगम्याला मामा आला. दिवसभर घुमटांच्या आवाजात गावात फिरलो, दुसऱ्या दिवशी पहाटे भाजीपाव खाऊन दोघे निघालो. शेवटी कुठले आकडे बदलले ते त्याला सांगितलं नव्हतं. केरीपर्यंत तो गप्प होता. घाटात शिरल्यावर त्याने खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरला, तो गाडी आवडली की नेहमी धरतो. वर चोर्ल्याला पोचलो तेव्हा मीटरकडे बोट करून म्हणाला, "अरे खाली ०.८७ होता, इथे ०.८४ कसा?"

म्हटलं, "आठशे मीटर वर आलोय मामा. हवा विरळ झाली, पेट्रोल त्या मानाने कमी झालं नाही. तीन-चार टक्के रिच. उतरलो की परत ०.८७."

तो बोनेट उघडून उभा राहिला. स्वतःचा कागद वाचला, त्याच्याखाली मी चिकटवलेला वाचला, चष्मा काढून परत वाचला. मेन १५५, आयडल ५५ एफ८, बाकी मामाचंच.

"मग बंगळूरला आणलीस तर?"

"आयडल हाच राहील, स्क्रू थोडा आत घेऊ. मेन १५०." बिस्किटाच्या डब्यात १५० ची जोडी होती, कापसात गुंडाळलेली, पिन घालून मोजलेली. ती मी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने एक जेट उचलून उगवतीकडे धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ त्या भोकातून बघत राहिला. मग म्हणाला, "मे महिन्यात ये. मामीला सांगून ठेवतो."